पंपामागचा पोपटी

बाबा गेल्यावर त्यांची जुनी गाडी अगदी पहिल्यासारखी करायचं मी मनावर घेतलं. घोडं अडलं ते इंजिनाच्या रंगावर. बाबांनी कधीतरी स्वतःच्या हाताने त्याला काळा रंग फासला होता, आणि त्याखालचा मूळ रंग कोणता ते कोणालाच आठवेना.

"ताई, पेट्रोलचा पंप उतरवू. त्याच्या मागे ब्रश पोचत नाही, मूळ रंग तिथे सापडतोच," पेंटर म्हणाला. पंप काढून त्याने चिंधीने ती जागा पुसली आणि बुचकळ्यात पडला. "पोपटी? हा कंपनीचा रंगच नाही. कोणीतरी हौसेने घरी बनवलाय. आणि इथे कोरलेला नंबरही गाडीच्या कागदांवरचा नाही. ताई, हे इंजिन दुसऱ्याच गाडीचं आहे."

तो रंग माझ्या दादाने बनवला होता, त्याच्या स्वतःच्या गाडीसाठी. "इंजिन आहे की पोपट?" म्हणून बाबा त्याला चिडवायचे. मग एकदा दोघांचं जोरदार भांडण झालं, आणि दादा त्याची गाडी घेऊन कायमचा निघून गेला, असं बाबांनी आम्हाला सांगितलं. तेव्हापासून आई फाटकाला कडी लावू देत नाही. रात्री-अपरात्री आला तर त्याला ताटकळायला नको, म्हणते.

आई चहा घेऊन आली. त्या पोपटी रंगाकडे बराच वेळ बघत राहिली, मग कप माझ्या हातात देऊन बाहेर गेली.



तिने फाटकाला कडी लावली.