रतनची चौकशी

"रतन कारभारी नावाची पोरगी इथलीच ना?" हवालदारानं सायकल लिंबाला टेकवत विचारलं.

पारावरची बोलणी थांबली. मिरजगावाहून पोलीस या वाडीत यायचा तो कुणाला तरी धरून न्यायलाच. आज तर तो पोरीचं नाव घेऊन आला होता.

"आसली कुनी न्हाई इथं," पोलीस पाटील म्हणाला. आता बोला. रतन त्याच्याच मावसभावाची लेक.

हवालदार दारोदार फिरला. वाण्यानं कानावर हात ठेवले. सुतारानं तर वाडीत कारभारी नावाचा माणूसच नाही असं ठोकून दिलं. पण कडी केली ती गोजरबाईनं. ही रतनची चुलती. पोरीला पुण्याला शिकायला धाडलं म्हणून टोमणे मारमारून तिनं रतनच्या बापाचा, कारभाऱ्याचा, जीव नकोसा केला होता. ती पदर खोचून दारात उभी राहिली.

"आमच्या घरात पोरगी जल्मलीच न्हाई," म्हणाली.

हवालदार वैतागला. "ठीक आहे. तसंच कळवतो. मग पासपोर्ट मिळतोय होय तिला."

एवढ्यात कारभारी रानातून धापा टाकत आला. रतन विद्यापीठात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकत होती. पुढच्या शिक्षणासाठी युगोस्लाव्हियाला जायला तिची निवड झाली होती. अडलं होतं ते पासपोर्टाशी, आणि पासपोर्ट अडला होता या चौकशीशी. टोमण्यांना भिऊन त्यानं हे वाडीत कुणाला सांगितलं नव्हतं. तेच आता अंगाशी आलं होतं.

"सायेब, माजीच लेक हाय," तो म्हणाला आणि लोकांकडं वळला. "आरं, पोरीनं काय बी क्येलं न्हाई. परदेशी शिकायला चाललीय ती. पोरगी कशी हाय, येवडंच सरकार इचारतंय."

पोलीस पाटलानं टोपी काढून डोकं खाजवलं. मग एकदम सगळ्यांनाच वाचा फुटली. पोरगी लई गुणाची, आमच्या अंगाखांद्यावर वाढलेली, साक्षीला माझं नाव घाला, नाही माझं घाला. सुतार तर कारभाऱ्याच्या गळ्यातच पडला.

हवालदाराला हसू आवरेना. "दोन नावं बास झाली," तो म्हणाला. "पण कारभारी, एवढं परदेशात जाऊन शिकणार काय ती?"

उत्तर गोजरबाईनं दिलं. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

"दुसऱ्या देशांशी कसं बोलायचं, त्ये शिकनार हाय," ती म्हणाली. "पोलिसाशी कसं बोलायचं, त्ये आमी बगतो."