तिच्याबद्दल

धुकं इतकं दाट होतं की टेकडीखालच्या नव्या इमारतींचे फक्त वरचे मजले दिसत होते. खाली काही नसल्यासारखे ते हवेत उभे होते. तेजस्विनी पायवाटेवर नजर ठेवून चालत होती आणि उल्का मॅडम तिच्या शेजारून, तिच्याच चालीने.

बिबवेवाडीतल्या मॅडमच्या समुपदेशनाच्या खोलीत ती पहिल्यांदा गेली, तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. समोरच्या माणसाने आपल्याकडे बघत वाट पाहायची आणि आपण मन उघडं करायचं, हे तिला जमेना. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "मग बाहेर चालू या का? बोलायला खुर्चीच लागते असं थोडंच आहे?" तेव्हापासून त्या येवलेवाडीमागच्या या टेकडीवर भेटत. तेजस्विनीचं सासर टेकडीच्या पायथ्याशीच होतं. घरी, नवऱ्याला इंद्रजीतलासुद्धा, तिने सांगून ठेवलं होतं, मैत्रिणीबरोबर फिरायला जाते.

"कुणी ओळखीचं भेटलं, तर मी कोण ते तुम्ही ठरवायचं," मॅडम म्हणाल्या होत्या. "काहीच नाही सांगितलंत तरी चालेल."

आजवर कुणी भेटलं नव्हतं.

"परत ऐकू आलं मला," तेजस्विनी म्हणाली. "इंद्रजीत झोपलेला होता. बाळाचं रडणं. अगदी उशाशी. आणि मॅडम, ती तर रडलीच नव्हती. पोटातच गेली होती."

ओल्या गवतातून दोघींचे बूट पुढे सरकत राहिले. कुठेतरी मोर ओरडला आणि तो आवाज धुक्यातच विरून गेला.

"मला तिला एकदा बघायचं होतं. सगळे म्हणाले, बघू नको, जीव अडकेल. मी शुद्धीवर आले तोवर तिला नेलं होतं."

"कुणी नेलं?"

"सासऱ्यांनी. आण्णांनी. कुठे नेलं ते कुणी सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. घरात तिचं नावच निघत नाही. जशी काही मी दवाखान्यात नुसतीच जाऊन आले."

खालच्या अंगाला कुणीतरी खोकलं. वाट नव्हती त्या बाजूने धुक्यातून आधी एक पांढरी टोपी वर आली, मग खांद्यावरची शाल, मग काठी. गेनबा आण्णाच होते. त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत दवाने भिजला होता आणि बोटांना माती लागली होती.

तेजस्विनीचा हात सवयीने पदराकडे गेला. पदर कुठला असायला? हाताला लागली ती जॅकेटची टोपी. तीच तिने डोक्यावर ओढली.

आण्णाही जागीच थबकले. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग तिच्या शेजारच्या बाईंकडे.

"ह्या कोन?"

मैत्रीण, एवढं म्हटलं की झालं असतं. तो शब्द तेजस्विनीच्या ओठांवर आलाही होता. मॅडम दूर, हवेत तरंगणाऱ्या मजल्यांकडे बघत उभ्या होत्या.

"ह्यांच्याशी मी तिच्याबद्दल बोलते," तेजस्विनी म्हणाली.

कुणाबद्दल, असं आण्णांनी विचारलं नाही. बराच वेळ ते काठीच्या टोकाने एक दगड मागेपुढे करत राहिले.

"बरं करतीस," शेवटी ते म्हणाले. "मी तर झाडासंगट बोलतो. घरी मारुतीचं नाव सांगून रोज हितं येतो."

तेजस्विनी एक पाऊल पुढे आली. "इथे? इथे आहे ती?"

आण्णांनी हात लांब करून खाली दाखवलं. हाताच्या पुढे सगळं पांढरंच होतं. "आपल्या बांधाला जांभळ हाय न्हवं, तिच्या सावलीला. धुकं उठलं की दावतो."

"आण्णा, कशी होती ती?"

हे मात्र तिने त्यांच्या तोंडाकडे बघून विचारलं. लग्न होऊन आल्यापासून एवढं सरळ तिने त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. आण्णांनी मान फिरवली.

"असं समोर हुबं ऱ्हाऊन न्हाई सांगता यायचं मला," ते म्हणाले. "चल. चालत सांगतो."

तेजस्विनीने मागे वळून पाहिलं. उल्का मॅडम वाकून बुटाची नाडी बांधत होत्या. नाडी सुटलेली नव्हती. त्यांनी मान वर न करताच हाताने खूण केली, जा.

दोघं चालू लागली. सासरे नेहमी पुढे आणि सून मागे, अशी त्या घरची चाल. आज वाट अरुंद असूनही आण्णा एका कडेला सरले आणि त्यांनी तिला शेजारी जागा केली. काठी दगडावर टेकत होती. मागे मॅडमची पावलं आता ऐकू येत नव्हती.

"अशी लेकरं पाटीत घालून न्हेत्यात," आण्णा समोर बघत म्हणाले. "मी न्हाई न्हेली. तुझ्या सासूच्या मऊ लुगड्यात गुंडाळली, छातीशी धरली आन् चालत आलो. वाटंत एकदाच तोंडावरचा पदर काढला. म्हनलं, हिला कुनीतरी बघाया पायजे."

ते थांबले नाहीत. तीही थांबली नाही. धुकं दोघांच्या तोंडावर गार लागत होतं.

"केस लई व्हतं तिला," ते म्हणाले. "काळंभोर. हितवर आलं व्हतं."

आणि त्यांनी मातीचं बोट स्वतःच्या मानेवर, टोपीच्या खाली टेकवून दाखवलं.