नव्या आवृत्तीचं कुलूप

‘तुमच्यावर दबाव दिसतो. शांत झाल्यावर पासवर्ड टाका.’ पडद्यावर पुन्हा तेच वाक्य आलं आणि शाल्मलीने टेबलावर मूठ आपटली.

"दबाव आहेच, मूर्खा! माझे अण्णा आयसीयूत आहेत!"

अण्णांना कोणतं औषध चालत नाही, ते फक्त या लॅपटॉपमध्ये होतं आणि धाकटा भाऊ हेरंब हॉस्पिटलमधून सारखा फोन करत होता. पण लॅपटॉप चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीची ही नवी आवृत्ती बोटांची थरथर ओळखायची. कपाळाला बंदूक लावून कोणी पासवर्ड टाकायला लावला तरी कुलूप उघडू नये, म्हणून शाल्मलीच्याच टीमने ही सोय केली होती.

तिने टीममधल्या फरीदला फोन लावला. "एखादी चोरवाट असेल ना रे?"

"होती," तो चाचरत म्हणाला. "तूच भांडून काढायला लावलीस."

ती पाणी प्यायली, तिने दीर्घ श्वास घेतले, पण बोटं काही ऐकेनात. दर वेळी तेच गोडगोड वाक्य! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात हेरंबचा फोन आला. "ताई, राहू दे आता. अण्णा..." एवढंच तो म्हणाला.

ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. मग नुसत्या सवयीने तिने पासवर्ड टाकला. बोटं जराही थरथरली नाहीत.

कुलूप एका फटक्यात उघडलं.