तुटलेला आरसा

कुरिअरची व्हॅन मागे घेताना त्याच्याकडून एका उभ्या गाडीचा आरसा तुटला. भरदुपारी गल्लीत चिटपाखरूही नव्हतं. निघून गेला असता तरी कुणाला कळलं नसतं. गाडीसमोरच्या घराला कुलूप होतं. तो आरसा हातात धरून तिथल्याच पायरीवर बसला. कुरिअरचा मालक फोनवर ओरडला, "वायपरला चिठ्ठी खोचून नीघ!" "चिठ्ठी उडून गेली तर? तोंडानेच सांगतो." दोन तासांनी एक आजी काठी टेकत आल्या. तो धडपडत उठला. "आजी, चूक माझी आहे. भरून देतो." आजींनी आरशाकडे पाहिलंच नाही. "गाडी ह्यांची होती. ते गेल्यापासून जागची हललेली नाही. तू कधीचा बसलायस?" "दोन तास झाले." "माझ्यासाठी?" त्याने मान डोलावली. गुडघे धरत आजी पायरीवर टेकल्या. "अजून थोडं थांब," त्या म्हणाल्या. "दारात माझी वाट बघणारं कुणी नसतं रे."