वीण आपलीच

काटलिन बर्फात गुडघे टेकून बसली आणि तिनं ठशावरून बोट फिरवलं. बर्फावर चालायच्या जाळीचा ठसा. लाकडी चौकट, आत कातड्याच्या वादीची वीण, टोकाशी दुहेरी गाठ.

"आपलीच माणसं," तिचा दीर आतियान म्हणाला. "वरच्या तळ्यावरची. मांस घेऊन आपल्यालाच शोधताहेत. म्हणून तर वस्तीवर शेकोट्या पेटवायला लावल्या मी. धूर दिसला की येतील."

"वीण आपलीच आहे, भावजी. माझ्याच हातची."

"मग झालं तर. उठा."

ती उठली नाही. वीसेक माणसांचे ठसे होते आणि एकूणएक चवडा बाहेर फाकलेला. आपला अबेनाकी माणूस पाऊल सरळ टाकतो. रानात दुसरं जमतच नाही. बदकासारखा फाकून चालतो तो इंग्रज.

"वीण सोडा. पाय बघा," ती म्हणाली.

आतियाननं पाहिलं. मग मागे वळून झाडांवर चढलेला धूर पाहिला.

"पानगळीत इंग्रजांच्या ठाण्यावर दिल्या मी या जाळ्या," काटलिन म्हणाली. "कांबळ्यांच्या बदल्यात. तह झालाय म्हणाले. सरपण आणायला लागतात म्हणाले. आणि मी बावळट, वर पायाला बांधायच्या कशा तेही दाखवून आले."

"हे वस्तीवर बोलू नका, वहिनी. मारतील तुम्हाला."

"मारत बसायला वेळ कुणाला आहे?"

वस्तीवर लोक आगीभोवती हसत होते. "मांस किती रे?" कुणीतरी ओरडून विचारलं. आतियाननं लाथेनं शेकोटीवर बर्फ लोटला. या हिवाळ्यात पळायची ही चौथी खेप. माणसं उठली, बोचकी बांधायला लागली.

झोपडीत काटलिनची लेक मालियान तीन दिवसांच्या पोरीला पाजत होती. "ऊठ, इंग्रज येताहेत," काटलिन म्हणाली.

"माझ्यानं उभं राहवत नाही, आई. आणि एवढ्या बर्फात इंग्रज येतोय कसला? कमरेपर्यंत रुततो तो."

"आता नाही रुतत. मी त्याला जाळ्या विणून दिल्यात."

मालियान आईकडे बघत राहिली. काटलिननं मान वर केली नाही. लेकीचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन ती जाळी बांधत होती. पोरगी स्तन सोडून रडली, पुन्हा चिकटली.

मालियाननं दुसरा पाय पुढे केला.

"घट्ट बांध," ती म्हणाली. "वाटेत सुटायला नको."