एकटेपणा: एक ते दहा

सल्लागाराचं डोकं भणभणलं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दर आठवड्याला भेटायचा कार्यक्रम त्यानेच संस्थेला आखून दिला होता. मोजपट्टीही त्याचीच: एकटेपणा किती, एक ते दहा. वर्ष उलटलं, तरी एकीचा अपवाद सोडला तर कुणाचाच आकडा नऊच्या खाली येईना. सगळं मुसळ केरात!

शेवटी वैतागून तो स्वतःच एका आजींच्या दारात जाऊन उभा राहिला. आत संस्थेची कार्यकर्ती पत्त्यांत सपाटून हरली होती आणि आजी पोट धरून हसत होत्या.

त्याने फॉर्म काढला. "आजी, एकटेपणा किती?"

"दहा," आजी पत्ते पिसत म्हणाल्या.

आता मात्र त्याचा तोल सुटला. "अहो, आत्ता तर खदखदून हसत होतात! धडधडीत खोटं का सांगता?"

आजींचे हात थांबले. "वरच्या मजल्यावरची माझी मैत्रीण फार सरळ हो. तिने खरं ते सांगून टाकलं, दोन. लगेच संस्थेचं पत्र आलं. अभिनंदन, तुमचा एकटेपणा दूर झाला, आता भेटींची गरज नाही."

त्याने मान खाली घातली. त्या पत्राचा मसुदा त्यानेच लिहून दिला होता.

"सहा महिने झाले," आजी म्हणाल्या. "रोज काढून वाचते बिचारी. तेवढं एकच तर पत्र आलंय तिला."