थेंबाआधीची टिक

काचबिंदूने मिसेस किनुनेन यांचा एक डोळा गेला होता आणि उरलेल्या डोळ्याचं औषध निम्मं गालावर ओघळायचं. म्हणून त्या सरोवराकाठच्या डुलूथ शहरातल्या प्रयोगशाळेत संशोधक टोबायसचं डोळ्यात थेंब सोडणारं नवं यंत्र वापरून बघायला आल्या होत्या. थेंब सुटण्याआधी ते ‘टिक’ वाजायचं. माणूस दचकू नये म्हणून टोबायसनेच तशी सोय केली होती. मिसेस किनुनेन मात्र टिक ऐकताच डोळा मिटून घेत.

“घंटा वाजली की फाटक पडणारच ना रे बाबा!”

टोबायसने आवाज काढून टाकला, थेंब मोहरीएवढा केला आणि यंत्र पुन्हा त्यांच्या डोळ्यावर धरलं.

त्या टक लावून वर बघत राहिल्या. “सोड की आता! सरोवर गोठेपर्यंत बसवून ठेवणार आहेस का?”

टोबायसने त्यांचा कोरडा गाल नीट पाहिला.

“मघाशीच सोडला, मिसेस किनुनेन.”